डॉक्टरकी सुटली, रेडिओचा मार्ग खुला झाला

जगदीशचंद्र बोस १८८० मध्ये लंडनला गेले ते डॉक्टर व्हायला. पण ताप पुन्हा पुन्हा उलटे आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने त्रास वाढे. अखेर वैद्यक सोडून ते केंब्रिजला विज्ञान शिकू लागले. १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना प्राध्यापकी मिळाली, पण पगार इंग्रज सहकाऱ्यांपेक्षा कमी. बोसांनी तीन वर्षे शिकवले, पगाराला मात्र हात लावला नाही. शेवटी सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह चुकता केला.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेविना, भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. भिंत ओलांडणाऱ्या या लहरी धातूला मात्र अडतात. म्हणूनच त्यांची लहरी निर्माण करणारी उपकरणे धातूच्या पेटीत असत. पुढे लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. पेटंटमधून पैसा कमावण्याची त्यांना हौस नव्हती. मित्रमंडळींच्या आग्रहामुळे केलेल्या अर्जाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. नंतर अशाच स्फटिकांवर बॅटरीशिवाय चालणारे रेडिओ निघाले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी प्रसारण केंद्र सुरू झाले, तेव्हा बोस हयात होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अनेक भागांत वीज गेली, मोबाइल मुके झाले. घरात इन्सुलिनवरचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, तर पाणी भरण्याआधी हलायचे की थांबायचे, हे वेळेत कळणे जिवाशी गाठ असते. अशा वेळी सेलवरचा रेडिओ उपयोगी पडतो.

रे रोडच्या पत्र्याच्या गाळ्यांत आवाज नीट येत नाही, त्याचे कारण बोसांच्या पेटीतच आहे. संच घेताना एफएम आणि मध्यम लहरी दोन्ही असलेला घ्यावा. एफएम स्वच्छ ऐकू येते, पण आडोशाला अडते. सळई पूर्ण ओढून संच खिडकीशी ठेवावा. मध्यम लहरी लांबवर पोहोचतात, मात्र विजा चमकताना खरखरतात. तिथे सळईचा उपयोग नाही, संचच फिरवून पाहावा. हाताने फिरवायचा दांडा असल्यास सेल संपले तरी अडत नाही. एरवी सेल काढून कोरड्या डब्यात ठेवावेत. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा आपल्याच खोलीत आकाशवाणी लावून पाहावी.