कागदाच्या घडीत सापडलेला अपूर्णांक

चौकोनी कागद मधोमध दुमडला की अर्धा होतो. पुन्हा दुमडला की पाव आणि तिसऱ्यांदा दुमडला की आठवा भाग. घडी उलगडल्यावर कागदावर आठ सारखे भाग उमटलेले दिसतात, पण कागद अखंडच असतो. अपूर्णांकाची ओळख करून देताना शिक्षक ही साधी कृती हमखास करून दाखवतात. लहान मुलांच्या हाती कागद, ठोकळे आणि चेंडू देऊन त्यांतून शिक्षणाची एक पद्धत उभी करणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांचे नाव मात्र आपल्याकडे बहुधा डी.एड.च्या परीक्षेपुरतेच पाठ केले जाते. बालोद्यान पद्धतीचे जनक, एवढ्या एका ओळीत हा माणूस आटोपतो.

२१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियातील ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी त्यांचा जन्म झाला. वर्ष पूर्ण होण्याआधीच आई गेली. वडील धर्मोपदेशक होते आणि त्या कामातच गुंतलेले असत. सावत्र आईची माया फार काळ लाभली नाही. दहाव्या वर्षी मामांनी त्यांना आपल्या घरी नेले, तेव्हा कुठे त्यांच्या बालपणाला मोकळा श्वास मिळाला. पुढे वनअधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. येना विद्यापीठात शिक्षण सुरू झाले, परंतु कर्ज फेडता न आल्याने विद्यापीठाच्याच कोठडीत काही आठवडे काढावे लागले. १८०५ मध्ये ते वास्तुशास्त्र शिकण्याच्या इराद्याने फ्रँकफर्टला आले आणि अनपेक्षितपणे शिक्षक झाले. वर्गात उभे राहिल्यावर आपली जागा हीच, हे त्यांना उमगले.

त्या काळी शिक्षणाच्या क्षेत्रात स्वित्झर्लंडमधील पेस्टालोझी यांचा मोठा लौकिक होता. १८०८ ते १८१० या काळात फ्रोबेल त्यांच्या इव्हर्डन येथील संस्थेत राहिले. वस्तू पाहून, हाताळून शिकण्याचा तेथील आग्रह त्यांना पटला. मात्र एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध तेथे पुरेसा उलगडत नाही, असे त्यांना वाटत राहिले. तो संबंध त्यांना सापडला स्फटिकांमध्ये. बर्लिनमध्ये ख्रिश्चन वाइस या स्फटिकशास्त्रज्ञांच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात काम करताना अंश आणि पूर्ण यांचे नाते त्यांच्या मनात पक्के झाले. पुढची सारी खेळणी या विचारातूनच घडली, असे म्हणायला हरकत नाही.

संग्रहालयातील नोकरी स्थिर होती. ती सोडून त्यांनी १८१६ मध्ये ग्रीसहाइम येथे शाळा काढली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात सैनिकांची शुश्रूषा करताना त्यांचे बंधू ज्वराने दगावले होते. त्या बंधूंची मुले या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होती. पुढच्याच वर्षी शाळा काइलहाऊ येथे हलली. पैशांची चणचण कायम राहिली. १८२६ मध्ये त्यांचा शिक्षणविषयक मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचायला सोपा नाही. गूढ तत्त्वज्ञानाचा त्यावर इतका लेप आहे की, सामान्य शिक्षक पहिल्या काही पानांतच थबकावा. फ्रोबेल समजून घ्यायचे तर पुस्तकापेक्षा त्यांच्या लाकडी पेट्या उघडणे बरे.

या पेट्या १८३७ नंतर ब्लांकेनबुर्ग येथे आकाराला आल्या. त्यांना त्यांनी देणग्या असे नाव दिले. तिसऱ्या देणगीत लाकडाचा एक घन असतो, आठ छोट्या घनांचा बनलेला. तो उभा विभागला काय, आडवा विभागला काय, निम्मे भाग सारखेच भरतात. निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, आणि सगळे जुळवले की पुन्हा मूळचा घन. पाचव्या देणगीत घनाच्या प्रत्येक बाजूचे तीन भाग केलेले असतात आणि काही छोटे घन तिरपे कापून त्यांचे अर्धे व पाव तुकडे दिलेले असतात. रचना करताना एकही तुकडा बाजूला टाकायचा नाही, असा दंडक होता. चौकोनी कागदाच्या घड्या, कातरकाम आणि रंगीत पट्ट्यांचे विणकाम हे उद्योग याच विचाराचे पुढचे पाऊल होते.

आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुलांकडून घोकून घेत. बाजारहिशेबाला ती पद्धत चोख होती आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आठ ही संख्या चारापेक्षा मोठी म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, अशी मुलांची समजूत होते. ती पाठांतराने सुटत नाही. हाती कागद असला की घड्या वाढतात तसा तुकडा लहान होतो, हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही.

२८ जून १८४० रोजी त्यांनी आपल्या संस्थेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपला बालवाडी हा शब्द अर्थाने त्याच्या किती जवळचा आहे! या बागांसाठी स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. यश दिसू लागले होते. तोच ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय, तर नास्तिकता आणि समाजवाद! पुरोगामी विचारांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांच्या लिखाणाशी काकांच्या कार्याची गल्लत झाली होती. आयुष्यभर ईश्वर आणि निसर्ग यांची एकरूपता सांगणाऱ्या, सत्तरीला आलेल्या माणसावर हा आरोप होता. खुलासे झाले, विनंत्या झाल्या; बंदी उठली नाही. २१ जून १८५२ रोजी मारियेनथाल येथे फ्रोबेल यांचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० मध्ये. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल अशी रचना आहे. दुसऱ्या देणगीतले हे तीन आकार.

त्यांच्या पश्चात ही पद्धत जगभर पसरली, आणि काही ठिकाणी तिचे कवायतीत रूपांतरही झाले. शिक्षिकेच्या हुकुमानुसार सर्व मुलांनी एकाच वेळी एकच घडी घालायची, हा प्रकार फ्रोबेल यांच्या मूळ हेतूला सोडून होता, पण त्यांच्या काटेकोर नियमांतच त्याची बीजे होती, हेही नाकारता येत नाही.

भारतात या घड्यांनी वेगळेच फळ दिले. किंडरगार्टनच्या कागदी घड्यांचा संच पाहून टी. सुंदर राव यांना एक पुस्तक सुचले. घड्यांतून भूमिती मांडणारे ते इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. चौरसाचे चारही कोपरे मध्यावर दुमडले की आत निम्म्या क्षेत्रफळाचा चौरस मिळतो, त्याचे कोपरे दुमडले की पाव क्षेत्रफळाचा, हे त्यातल्या आरंभीच्या पाठांपैकी एक आहे.