रोगनिदानाला सवयींची जोड देणारे डॉ. खानोलकर

तोंड पुरेसे उघडत नाही, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा जबड्याच्या सांध्याला दोष देतो. अनेकदा ते खरेही असते. मात्र सुपारी-गुटख्याच्या सवयीमुळे गालाचे आतील आवरण कडक होऊनही तोंड उघडेनासे होते, तर कधी त्यामागे कर्करोग दडलेला असतो. लक्षण एकच, कारणे निराळी. अशा वेळी पेशींच्या तपासणीइतकीच रुग्णाच्या सवयींची चौकशी महत्त्वाची ठरते. ही दृष्टी भारतात रुजविणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत ग्रँट आणि सेठ जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

देशाच्या विविध प्रांतांतून येणारे रुग्ण तपासताना रोगाची जागा आणि रुग्णाची राहणी यांतील नाते त्यांनी हेरले. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी सवयींशी निगडित तीन कर्करोगांचे वर्णन केले. चुट्टा पेटत्या टोकाकडून तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूवर, चुना मिसळलेली खैनी खालच्या ओठात ठेवणाऱ्यांच्या त्याच जागी, तर धोतर घट्ट आवळणाऱ्यांच्या कमरेवर सततच्या घर्षणाने रोग उद्भवत असल्याचे त्यांनी दाखविले. रोग दैवाने येत नाही, त्याला कारण असते आणि कारण टाळता येते, हाच या संशोधनाचा आशय होता.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. कुष्ठरोगावरही त्यांनी मौलिक संशोधन केले. १९५५ मध्ये ते ‘पद्मभूषण’ने सन्मानित झाले. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव रुग्णाच्या ओठी असते; सूक्ष्मदर्शकातून रोग ओळखणारा पडद्याआडच राहतो. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा आखडत चाललेला जबडा दिसताच डॉक्टर आज प्रथम तंबाखूविषयी विचारतात. त्या साध्या प्रश्नामागे खानोलकरांच्या पिढीचे परिश्रम आहेत. त्याचे खरे उत्तर वेळेवर देणे मात्र रुग्णाच्याच हाती आहे.