पुस्तकांचे घर आणि घरातला एक ग्रंथ

नवदीक्षित उपासक-उपासिकांनो,

ज्या दिवशी तुम्ही त्रिशरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञांचा उच्चार केला, त्या दिवशी तुमच्या घरातला देव्हारा रिकामा झाला. त्या देवांबरोबर त्यांच्या गोष्टीही घराबाहेर पडल्या, हे किती जणांच्या ध्यानात आले? श्रावणात पोथी लागत असे. कोणी जाणता ओव्या वाची, अर्थ सांगे, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या माना डोलवीत ऐकत. हरिविजय गेला, पांडवप्रताप गेला. बरे झाले. पण आता संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर नातू आजीच्या मांडीशी येऊन गोष्ट सांग म्हणतो, तेव्हा आजीने कोणती गोष्ट सांगावी?

हा प्रश्न लहान समजू नका. बाबासाहेबांच्या बालपणी हाच प्रश्न त्यांच्या घरात उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर देण्यात त्यांचे अखेरचे दिवस खर्ची पडले. त्यांच्या जीवनाची ही बाजू आज तुमच्यापुढे ठेवतो. चवदार तळे, गोलमेज परिषद, राज्यघटना हे सारे तुम्ही जयंतीच्या भाषणांत ऐकले आहे. येथे आपण वाचक बाबासाहेबांची ओळख करून घेऊ.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ते कबीरपंथी होते आणि घरातली शिस्त कडक होती. संध्याकाळी रामायण-महाभारताचे वाचन होई. रामजी आपल्या मुलांना वाचायला बसवीत, आणि बहिणी व शेजारपाजारची मंडळी ऐकत. असे कित्येक वर्षे चालले. म्हणजे बाबासाहेबही तुमच्याआमच्यासारखे पोथीच्या घरातच वाढले, हे लक्षात ठेवा.

मात्र हा मुलगा ऐकून गप्प बसणारा नव्हता. तो वडिलांना विचारी, हे ग्रंथ आपण का वाचायचे? यांत तर शूद्रांचा आणि अस्पृश्यांचा कमीपणाच सांगितला आहे. वडील समजूत घालीत की द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून वर आले आणि वाल्मीकी हलक्या मानलेल्या जातीतला असून कवी झाला. हे वाचून मनातला न्यूनगंड जावा, असा रामजींचा हेतू होता. मुलाचे समाधान होईना. भीष्म-द्रोणांचे बोलणे एक आणि करणे दुसरे, असे त्याला वाटे. कृष्णाच्या कपटाची त्याला चीड येई. वालीचा वध आणि सीतेला दिलेली वागणूक यांमुळे राम त्याच्या मनातून उतरला. भाषा कितीही गोड असली तरी कथेतला माणूस न्यायाने वागतो की नाही, हे तो मुलगा आधी पाही. वाचकाची ही कसोटी त्याने त्या वयातच हाती घेतली.

अशातच एक घटना घडली. शाळेच्या परीक्षेतल्या यशाबद्दल समाजाच्या लोकांनी भीमरावांचा सत्कार करायचे ठरविले. त्या सभेला रामजींचे स्नेही, थोर विद्वान कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले होते. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांना ठाऊक होता. भाषणानंतर त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. भीमरावांनी ते मन लावून वाचले आणि ते भारावून गेले. या बुद्धाची ओळख आपल्या घरात आजवर कोणी का करून दिली नाही, असा सवाल त्यांनी मनाशी केला. १९५६ च्या दीक्षेचे बीज त्या भेटीत पडले.

पुस्तकांची भूक मोठी होती, आणि घरात पैसा नव्हता. मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राही. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, सारे तेथेच. रामजींना पेन्शन मिळे, ती पुरत नसे. तरी मुलाने पुस्तक मागितले की ते नाही म्हणत नसत. लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे मागत. ते नसले तर त्यांचा एखादा दागिना घेऊन गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. बहिणींनी अंगावरचे काढून दिले म्हणून भावाच्या हाती पुस्तक आले. भगिनींनो, बाबासाहेबांच्या ग्रंथालयाचा पहिला पाया असा घातला गेला आहे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शिकवायला नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत साध्य केली. दार बंद केले म्हणून ते दाराशी रडत बसले नाहीत.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती बेताची, त्यातून घरीही पैसे पाठवायचे. उरेल ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाई. तेथील वास्तव्यात त्यांनी सुमारे २,००० पुस्तके जमविली. त्यांतली बरीचशी त्यांच्या हाती परत आलीच नाहीत. पुढे १९१७ मध्ये लंडनहून निघताना पुस्तकांसह सामान वेगळ्या बोटीने पाठविले. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. पोट मारून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. भरपाई म्हणून सुमारे ६०० रुपये मिळाले, आणि त्यांतूनच बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले ते तुम्ही ऐकलेच असेल. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर, पारशी नाव सांगून, ते एकटे राहिले. भोवती मोडके सामान, वर वटवाघळे, उजेड जेमतेम. कचेरीतून आल्यावर त्या भयाण खोलीत सोबत कोणाची? पुस्तकांची. वाचता वाचता ते आपले एकाकीपण विसरत. अकराव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी ते गोळा करीत होते, तोच जिन्यावर पावले वाजली. दहा-बारा माणसे हातात काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाली. वाचकहो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला हातात काठी, दुसऱ्या बाजूला हातात पुस्तक. कोणाचे शस्त्र अखेर टिकले, ते इतिहासाने दाखविले आहे.

१९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडताच आत जावे आणि बंद होताना बाहेर पडावे, असा क्रम होता. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री भूक अनावर झाली की मुंबईहून नेलेले चार पापड भाजून खायचे आणि पुन्हा दिव्याखाली बसायचे. अशा उपाशी पोटी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये लंडनची डी. एस्सी. मिळविली.

मुंबईस परतल्यावर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत माणसे कुठे आणि पुस्तके कुठे, असा पेच पडू लागला. माता रमाईंनी त्या अडचणीत संसार केला. शेवटी दादरला हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी घर बांधले. मगधाच्या जुन्या राजधानीवरून त्याला राजगृह असे नाव दिले. लोक आधी राहायच्या खोल्या पाहतात. बाबासाहेबांनी ग्रंथालयासाठी ऐसपैस जागा काढली आणि मग माणसांची सोय पाहिली. कपाटे भरली, मेजे भरली, तरी पुस्तके येतच राहिली. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, धर्म, चरित्रे, हजारो ग्रंथ. रात्र रात्र ते त्यांतच असत.

येथे कोणाला शंका येईल. एका माणसाने एवढी पुस्तके जमविली, त्याचा समाजाला काय उपयोग? याचे उत्तर दोन ठिकाणी आहे.

पहिले उत्तर सिद्धार्थ महाविद्यालय. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत हे महाविद्यालय त्यांनी स्थापन केले आणि आपल्या संग्रहातला मोठा भाग तेथील ग्रंथालयाला दिला. जिवापाड जपलेले ग्रंथ मजुरांच्या मुलांच्या हाती पडले. बौद्ध शिकवणीत दान कशाला म्हणतात, ते दीक्षेच्या दहा वर्षे आधी त्यांनी करून दाखविले.

दुसरे उत्तर याहून मोठे आहे. १९५० मध्ये कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. बौद्ध वाङ्मय अफाट आहे. सामान्य माणसाने ते सारे वाचणे शक्य नाही. ख्रिस्ती माणसाच्या घरात जसे एक बायबल असते, तसा बौद्धांचा एक ग्रंथ हवा, असे त्यांनी त्यात मांडले. पुढच्या वर्षी ते स्वतःच हा ग्रंथ लिहायला बसले. ज्याच्या घरात पुस्तके मावत नव्हती, त्याने ज्यांच्या घरात एकही पुस्तक नव्हते त्यांच्यासाठी एक ग्रंथ लिहिला. हजारो ग्रंथ पचविले, ते या एका ग्रंथासाठी.

तो कसा लिहिला, हेही समजून घ्या. कोणाला चमत्काराची गोष्ट आवडते, कोणाला कीर्तनातली रंगत हवी असते, कोणाला सरळ विचार हवा असतो. बाबासाहेबांना हे माहीत होते. म्हणून कोरडी चर्चा न करता त्यांनी कथा सांगितली. पण ती लहानपणच्या त्याच कसोटीवर घासून. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून घर सोडले, ही जुनी कथा त्यांना पटेना. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांतले काहीच पाहिले नव्हते, हे कसे मानावे? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा सांगितला, युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ सांगितला. पाण्यासाठी महाडला गेलेल्या लोकांना ही कथा परकी कशी वाटेल? ग्रंथाची आठ कांडे केली, लहान लहान वाक्ये, त्यांना क्रमांक. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, अडले तर थांबावे, दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलावे. रामजींच्या घरातल्या संध्याकाळच्या वाचनाची ती रीत राहिली, आणि त्या रीतीत नवी गोष्ट आली.

हे लेखन सुखात झाले नाही. शरीर साथ देत नव्हते, डोळे थकले होते. माईसाहेब शुश्रूषा करीत होत्या, नानकचंद रत्तू टंकलेखन करीत होते. छपाईचा खर्च मोठा होता. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने ५०० प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. तसे काही झाले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे ग्रंथ विकत घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अखेरच्या ग्रंथासाठी हात पुढे करावा लागला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना त्यांनी दीक्षा दिली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या अलीपूर रोडवरील घरात झोपायला जाताना त्यांनी कपाटांतून काही पुस्तके काढून बरोबर घेतली. कबिराचे एक पद ते गुणगुणत होते. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित त्यांनी उशाशी मागवून घेतले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयातर्फे प्रसिद्ध झाला. पुढे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो हिंदीत आणला आणि मराठीतही अनुवाद झाला.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराकडे पाहा. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. तिच्याखाली फळी आहे का? त्या फळीवर हा ग्रंथ आहे का? असल्यास त्याच्यावर हळदीकुंकू पडू देऊ नका आणि धूळही बसू देऊ नका. लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेला ग्रंथ म्हणजे नवी पोथीच. वर्षावासात विहारात वाचन होते, तेथे जा. पण आषाढ पौर्णिमेची वाट पाहू नका. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास पुरे. घरातल्या शिकत्या मुलीला वाचू द्या. आजीला अक्षर येत नसले तर तिने ऐकावे आणि ऐकलेले नातवाला सांगावे. मुलाने मध्येच का म्हणून विचारले, तर त्याला दटावू नका. लहानपणी भीमरावांनीही असेच विचारले होते.

एक ग्रंथ वाचून झाला की दुसरा आणा. सणाच्या कपड्यांतून चार रुपये वाचवा, पण पुस्तक आणा. पुस्तके फळीवर मावेनाशी झाली, तर शेजाऱ्याला द्या. ज्या घरात पुस्तकांची अडचण होते, त्या घरात बाबासाहेब राहतात असे समजा.

जय भीम.