'के' अक्षराचे जनक

बेसबॉलमध्ये तीन 'स्ट्राइक' होऊन फलंदाज बाद झाला, की धावपत्रकात 'के' मांडला जातो. या खुणेचे श्रेय सामान्यतः हेन्री चॅडविक यांना दिले जाते. १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे जन्मलेले चॅडविक बालपणीच अमेरिकेत ब्रुकलिनला आले आणि क्रिकेटचे वार्तांकन करता करता बेसबॉलमध्ये रमले. त्यांनी 'स्ट्रक'चे अखेरचे अक्षर उचलले. युक्ती साधी, पण टिकली. बेसबॉल इंग्लंडच्या 'राउंडर्स'मधून उपजला, हे त्यांचे मत मात्र अमेरिकी अभिमानाला रुचले नाही. मिल्स आयोगाने १९०७ मध्ये तकलादू पुराव्यावर ॲब्नर डबलडे यांना खेळाचे जनक ठरविले. पुढच्याच वर्षी चॅडविक निवर्तले. १९३८ मध्ये त्यांना 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. डबलडे यांना ते मिळालेले नाही.