दोन माधवराव आणि नगर हवेली

पेशवाईत माधवराव नावाचे दोन पुरुष झाले आणि नगर हवेलीच्या भाग्याशी दोघांचाही काळ निगडित आहे.

थोरले माधवराव १७६१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. पानिपतानंतर खचलेले राज्य त्यांनी सावरले. परंतु १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मराठी आरमाराने पोर्तुगिजांच्या सांताना जहाजाचे नुकसान केले होते.

पुढे त्यांचे बंधू नारायणराव मारले गेले. पित्याच्या मृत्यूनंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेला पुत्र चुलत्यांचेच नाव धारण करून सवाई माधवराव झाला. चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार मात्र नाना फडणवीसांच्या हाती राहिला. १७७९ मध्ये पोर्तुगिजांशी मैत्रीचा तह झाला, तेव्हा हा पेशवा पाच वर्षांचा होता. त्या तहान्वये, सांतानाच्या भरपाईपोटी, १० जून १७८३ रोजी नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली, तेव्हा अवघा नऊ वर्षांचा. १७९५ मध्ये शनिवारवाड्यात उंचावरून पडून एकविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

किलवणी, सिलवासा या गावांनी त्यानंतर १९५४ पर्यंत परकी सत्ता सोसली. त्या देण्याचा ठपका सवाई माधवरावांच्या नावावर राहिला; निर्णय मात्र त्या बालकाचा नव्हता.