काझी अझीझुल हक : १०२४ खणांचं कपाट आणि अनोळखी मृतदेहाचं नाव

आज सकाळपासून तुम्ही फोनवर किती वेळा बोट ठेवलं? मोजलंच नसेल. बोट ठेवलं, लॉक उघडलं, संपलं. त्यामुळे बोटावरून माणूस ओळखणं ही आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते.

म्हणूनच वाशिम जिल्ह्यात कुठे विहिरीत, नाल्यात किंवा समृद्धी महामार्गाच्या कडेला अनोळखी मृतदेह सापडल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली की ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास लिहितो, अरे बोट स्कॅन करा ना, आधार असेलच! मग पोलीस तसं का करत नाहीत? मृतदेह महिनोन्‌महिने बेवारस का राहतो?

याचं उत्तर समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट माहीत हवी. बोटांच्या ठशांचं शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असतं, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात ते सहसा सापडत नाही. त्यांचं नाव काझी सय्यद अझीझुल हक.

घर सोडून आलेला गणिती

हक यांचा जन्म १८७२ चा. गाव पैग्राम कसबा, जिल्हा खुलना, म्हणजे आजचा बांगलादेश. लहानपणीच आई-वडील बोटीच्या अपघातात गेले. बाराव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा घर सोडून कोलकात्याला आला. तिथे एका कुटुंबाने त्याला आसरा दिला, शाळेत घातलं. गणितात त्याचं डोकं इतकं चालायचं की तो थेट प्रेसिडेन्सी कॉलेजात पोचला.

त्याच वेळी बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री एका अडचणीत होते. गुन्हेगार एका जिल्ह्यात पकडला जायचा, सुटायचा आणि दुसऱ्या जिल्ह्यात नाव बदलून पुन्हा चोरी करायचा. तो तोच आहे हे सिद्ध कसं करायचं? तेव्हा फ्रान्सच्या आल्फोन्स बर्तियोंची पद्धत चालायची. डोकं, हात, पाय, बोटं यांची मापं घेऊन कार्डावर लिहायची. पण दोन शिपायांनी एकाच माणसाची मापं घेतली तरी आकडे वेगळे यायचे.

हेन्रींना हिशेबात पक्का माणूस हवा होता. कॉलेजच्या प्राचार्यांनी हक यांचं नाव सुचवलं आणि १८९२ मध्ये हक पोलीस उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले.

खरा प्रश्न ठशाचा नव्हता, शोधण्याचा होता

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बोटांचे ठसे हा काही हक यांचा शोध नाही. १८५८ मध्येच विल्यम हर्शेल यांनी बंगालात एका करारावर हाताचा ठसा घेतला होता. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी ठशांवर आख्खं पुस्तक लिहिलं. दोन ठसे समोर ठेवले तर ते एकाच बोटाचे आहेत की नाही, हे सांगता येत होतं.

अडचण पुढची होती. समजा ऑफिसात हजारो लोकांची कार्डं आहेत आणि समोर एक अनोळखी माणूस आहे. प्रत्येक कार्ड काढून भिंगाखाली बघणार? आठवडे जातील. आज आपण त्याला सर्चचा प्रॉब्लेम म्हणतो. डेटा आहे, पण सापडत नाही.

हक यांनी तो असा सोडवला. आपली आजी बोटांवर शंख आणि चक्र बघायची, आठवतं? जवळजवळ तेच. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर लिहायचे, दुसऱ्याचे खाली, अपूर्णांकासारखे. वरची आणि खालची बेरीज ० ते ३१ मध्ये येते. शून्य टाळायला दोन्हीकडे १ मिळवायचा. म्हणजे वर ३२ शक्यता, खाली ३२. गुणाकार केला की १०२४.

म्हणून एक कपाट, त्यात १०२४ खण. दहाही बोटांवर चक्र असेल तर ३२/३२ चा खण, एकाही बोटावर नसेल तर १/१ चा. नवीन माणूस आला की आकडा काढा, त्या खणाकडे जा आणि तिथली कार्डं तेवढी बघा.

कॉम्प्युटर शिकणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. चक्र आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. दहा बोटं म्हणजे दहा बिट. हा सरळ बायनरी कोड आहे, तोही इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी, पोलीस ऑफिसातल्या लाकडी कपाटात. एकेका खणातली गर्दी वाढली तेव्हा पुढची उपवर्गवारी आणि तारेने ठसा कळवायची सांकेतिक भाषा हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी तयार केली.

१८९७ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धत तपासली आणि पसंत केली. त्याच वर्षी कोलकात्याला फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला. वाशिम तेव्हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता आणि इंग्रजी कागदांत त्याला बासिम म्हणायचे. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात असा ब्युरो यायला १९०१ साल उजाडलं.

पंचांगावरचा डाग

पद्धतीची परीक्षा लगेच झाली. जलपायगुडी जिल्ह्यातल्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. घरात एका बंगाली पंचांगावर बोटाचा पुसट डाग मिळाला. ब्युरोतल्या कार्डांशी ताडून बघितल्यावर तो मॅनेजरच्या जुन्या नोकराचा निघाला. १८९८ मध्ये कोर्टाने चोरीसाठी त्याला शिक्षा दिली. खून करताना पाहिलेला साक्षीदार नसल्यामुळे खुनाच्या आरोपातून मात्र तो सुटला.

ठसा जुळला कशामुळे? तो नोकर आधी चोरीत शिक्षा भोगून आला होता, म्हणून त्याचं कार्ड कपाटात होतं. कार्डच नसतं तर १०२४ खणांचा काही उपयोग नव्हता.

मग आज वाशिममध्ये काय होतं?

आता पुन्हा त्या अनोळखी मृतदेहाकडे येऊ. पोलीस आधी मर्ग दाखल करतात, पंचनामा करतात, शवविच्छेदन होतं. खून दिसला तर गुन्हा नोंदवतात. बोटांचे ठसे घेतले जातात. डीएनएसाठी दात, हाड किंवा रक्ताचा नमुना राखून ठेवतात आणि तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. कपडे, गोंदण, दागिने, जुन्या जखमांच्या खुणा यांची नोंद होते.

ठसे जातात कुठे? महाराष्ट्र पोलिसांकडे अ‍ॅम्बिस नावाची यंत्रणा आहे आणि देशपातळीवर नाफिस. नाफिसमध्ये अटक झालेल्या माणसाच्या ठशांना दहा आकडी क्रमांक मिळतो. हक यांचं कपाटच, फक्त सर्व्हरवर. २०२२ च्या एप्रिलमध्ये नाफिस वापरून एका मृत व्यक्तीची ओळख पटवणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य ठरलं.

पण कपाटात कार्डं कुणाची? मुख्यतः अटक झालेल्यांची आणि शिक्षा झालेल्यांची. मानोऱ्याहून पुण्याला बांधकामावर गेलेली बाई किंवा रिसोडचा सोयाबीन पिकवणारा शेतकरी आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढला नसेल तर त्याचं कार्ड तिथे नाही. सरळमार्गी माणूस मारला गेला तर त्याचंच नाव शोधायला सगळ्यात अवघड!

आणि आधार? आधार कायद्यानुसार ठसे आणि डोळ्यांची माहिती पोलिसांना तपासासाठी दिली जात नाही. तुमच्या फोनमधला ठसा तर फोनमधल्याच सुरक्षित भागात राहतो, तो कुठल्याही सरकारी यादीत जात नाही.

अशा वेळी कपाटाचा दुसरा अर्धा भाग घरच्यांकडे असतो, तो म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार. रायगडमधल्या पेण तालुक्यात २०१२ मध्ये एक जळालेला मृतदेह सापडला होता. त्या मुलीच्या बेपत्ता होण्याची तक्रारच नव्हती. तपास यंत्रणांनी त्या अवशेषांना नाव दिलं ते २०१५ मध्ये, दुसऱ्याच एका अटकेनंतर, डीएनएच्या आधारे. खटला कोर्टात गेला तेव्हा मधली तीन वर्षं निघून गेलेली होती.

नाव नसेल तर घरच्यांचं काय अडतं?

सगळंच. मृतदेहाला नाव नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विमा नाही आणि सातबाऱ्यावर वारसांची नोंद नाही. बायको विधवा आहे की नवरा सोडून गेलेली, हे सरकारी कागद ठरवू शकत नाही, मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही अडतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खुनाचाही समावेश आहे, पण खून कुणाचा झाला हे आधी कळायला हवं. नुसत्या बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायचं तर ७ वर्षं थांबावं लागतं.

गुन्हेगार सापडला नाही तरी कुटुंबाला पीडित भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण कायद्यानुसार त्यासाठी मृताची ओळख पटलेली हवी.

म्हणून घरातलं कुणी बेपत्ता झालं तर हे करा.

१. २४ तास थांबायचा नियम नाही. जवळच्या ठाण्यात लगेच तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. माणूस पुण्याहून बेपत्ता झाला असेल तरी वाशिमच्या ठाण्यात जाता येतं.

२. अलीकडचा फोटो, गोंदण, ऑपरेशनच्या खुणा, दातांचा एक्स-रे, अंगावरचे कपडे आणि फोनचा आयएमईआय क्रमांक द्या.

३. पोलिसांनी सांगितलं तर आई, वडील किंवा मुलांचा डीएनए नमुना द्यायला मागे हटू नका. ठसे जुळत नाहीत तिथे हाच धागा उरतो.

४. मृतदेहाचे फोटो ग्रुपवर फिरवू नका. माहिती असेल तर ११२ वर कळवा.

हक यांचं स्वतःचं नाव

१९०० मध्ये या पद्धतीचं पुस्तक निघालं, ते एडवर्ड हेन्रींच्या नावावर. जगभर तिला हेन्री पद्धत म्हणू लागले. हक नोकरी करत राहिले. १९१३ मध्ये त्यांना खान साहेब किताब मिळाला, पुढे खान बहादूर किताब आणि ५००० रुपये मानधनही मिळालं. १९२६ मध्ये निवृत्त हेन्रींनी एका पत्रात मान्य केलं की वर्गवारी परिपूर्ण करण्यात त्यांच्या हाताखालच्या लोकांपैकी सर्वांत मोठा वाटा हक यांचा होता. निवृत्तीनंतर हक बिहारमधल्या मोतीहारीला राहिले. १९३५ मध्ये ते वारले आणि तिथेच त्यांचं दफन झालं. आता ब्रिटनमधल्या फिंगरप्रिंट सोसायटीने हक आणि बोस यांच्या नावाने संशोधन पुरस्कार ठेवला आहे.

पुढच्या वेळी फोनवर बोट ठेवाल तेव्हा त्या कपाटाची आठवण ठेवा. आणि गावात कुणाचा माणूस परगावी जाऊन बरेच दिवस परतला नसेल, घरचे लाजेने गप्प बसले असतील, तर त्यांच्यासोबत ठाण्यात जा. खण कधीचा तयार आहे. त्यात दुसरं कार्ड आपल्यालाच टाकायचं आहे.