विश्लेषण : केंद्रीय आरोग्यमंत्रिपदानंतर थेट सेवाग्राम! कोण होत्या डॉ. सुशीला नायर?

नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. रुग्णाला सेवाग्रामला नेले, असे विदर्भात कुणी म्हटले की गांधीजींचा आश्रम नव्हे, कस्तुरबा रुग्णालय समजायचे. ते उभे राहिले डॉ. सुशीला नायर यांच्यामुळे.

सेवाग्रामशी संबंध कसा आला?

जन्म २६ डिसेंबर १९१४, पंजाबातील कुंजाह (आता पाकिस्तानात). भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या सुशीला १९३९ मध्ये सेवाग्रामला आल्या आणि वर्ध्यात कॉलऱ्याची साथ पसरली. ती त्यांनी जवळपास एकटीने हाताळली. पुढे त्या गांधीजींच्या डॉक्टर झाल्या. १९४२ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासोबत कैदेतही राहिल्या. कस्तुरबांचे निधन तिथेच झाले. सुटकेनंतर सुरू केलेल्या छोट्या दवाखान्याचे १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय झाले.

मंत्री म्हणून काय आले वाट्याला?

अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आल्यावर त्या दिल्लीच्या आरोग्यमंत्री, विधानसभाध्यक्ष, १९५७ पासून झाशीच्या खासदार आणि १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या.

१९४६ च्या भोर समितीने गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा दिला होता. १९५२ पासून केंद्रे उघडली, पण मनुष्यबळ अपुरे राहिले. नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती सक्षम करा, असे मुदलियार समितीने सुचवले. हा अहवाल नायर यांच्याच काळात सरकारपुढे होता. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९६२ चाच. कुटुंब नियोजनात मात्र १९६५ ला मोठ्या धडाक्यात आलेला लूप फसला. रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या, बसवल्यानंतर तपासायला कुणी नव्हते. बायकांनी पाठ फिरवली. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: योजना दिल्लीत होते, गावात डॉक्टर कुठे आहे?

मग कॉलेजच का काढले?

शहरात शिकलेल्या डॉक्टरला नुसत्या आदेशाने खेड्यात धाडता येत नाही. मग डॉक्टर खेड्यातच का घडवू नये? गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, तेव्हा नागपूर विद्यापीठाशी संलग्न. पहिल्या वर्षाची सुरुवात आश्रमातल्या शिबिराने. खादी सक्तीची. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी त्याने घरी जाऊन करायची. ‘नीट’ येईपर्यंत प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असे. आजच्या कोचिंग क्लासला हे चमत्कारिक वाटेल! तिथून बाहेर पडलेले सगळेच डॉक्टर खेड्यात राहिले असे नाही. अनेकांनी शहर गाठलेच. पण पाच वर्षांत खेडे न पाहता कुणी सुटला नाही.

रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमाही आणला. हप्ता रोखीत नव्हे, सुगीनंतर ज्वारीत. पैसा हातात नसतो तेव्हाही घरात धान्य असते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

सेवाग्रामात त्यांना सगळे बडी बहनजी म्हणत. १९७७ मध्ये त्या पुन्हा लोकसभेत गेल्या, तरी संस्था सोडली नाही. ३ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी सेवाग्रामातच त्यांचे निधन झाले.